बांधावर थांबलेले रस्ते

नाशिक किती पसरले, याचे उत्तर आपण बहुधा दोन आकड्यांत देतो. पहिला लोकसंख्येचा. महापालिका हद्दीत 1991 साली सुमारे 6.57 लाख माणसे होती, 2001 मध्ये 10.77 लाख झाली आणि 2011 मध्ये 14.86 लाख. दुसरा क्षेत्रफळाचा. 7 नोव्हेंबर 1982 रोजी महापालिका स्थापन झाली तेव्हा नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका आणि भोवतालची वीसहून अधिक गावे एका हद्दीत आली. ही हद्द सुमारे 259 चौरस किलोमीटरची. भागाकार केला तर 2011 साठी चौरस किलोमीटरला साधारण 5,700 माणसे असे उत्तर येते. गणित बरोबर आहे, पण त्यातून कळते फार थोडे. हद्द पहिल्यापासूनच शेतांसह आखलेली होती. आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ, चेहेडी इथले द्राक्षबाग आणि भाजीपाल्याचे वाफेही त्या भागाकारात शहर म्हणूनच धरले जातात. भद्रकालीची दाटी आणि चेहेडीचे शिवार यांची सरासरी शहरातल्या कुठल्याच वस्तीला लागू पडत नाही.

शहर विस्कळीत पसरते आहे की नीट वाढते आहे, हे ओळखण्याचे तिसरे एक माप गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर रुजले आहे. ते रस्त्यांवरून घेतात. रस्त्याची रुंदी, डांबर किंवा खड्डे इथे बघायचे नसतात. एक रस्ता दुसऱ्याला कुठे मिळतो, किती ठिकाणी मिळतो आणि किती ठिकाणी न मिळताच संपतो, एवढेच बघायचे. नाशिकच्या वाढीचा हिशेब मांडायचा तर हेच माप सर्वांत आधी लावायला हवे, असे माझे ठाम मत आहे. घरे पडतात, वाड्यांच्या जागी अपार्टमेंट उभ्या राहतात, दुकानाच्या पाट्या बदलतात, पण रस्त्याची रेघ एकदा पडली की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. तांबट लेन आणि तिवंधा या भागांतल्या इमारती कितीदा तरी नव्या झाल्या, बोळ मात्र तिथेच आहेत. आज पाथर्डी फाट्याच्या पुढे किंवा आडगावच्या शिवारात जी रेघ पडते आहे, तीही तशीच राहणार आहे.

मोजणीचे मूळ गणित जुने आहे. 1736 मध्ये ऑयलरने क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न सोडवला आणि वाटांच्या जाळ्याकडे केवळ बिंदू आणि रेषा म्हणून पाहण्याची रीत घालून दिली. रस्ते जिथे मिळतात किंवा संपतात ते बिंदू, आणि दोन बिंदूंमधला रस्त्याचा तुकडा म्हणजे रेषा. रेषांच्या संख्येला बिंदूंच्या संख्येने भागायचे. चौकटीसारखी आखणी असेल तर प्रत्येक चौकातून चार तुकडे निघतात आणि प्रत्येक तुकडा दोन चौकांच्या वाट्याला जातो, म्हणून उत्तर 2 च्या जवळ येते. सगळीकडे तीन रस्त्यांचे फाटे असतील तर 1.5. आणि एकाच तोंडातून आत शिरून फांद्या फुटत जाणारी, प्रत्येक फांदी भिंतीपाशी संपणारी वसाहत असेल तर उत्तर नेहमी 1 पेक्षा कमी येते, मग ती वसाहत कितीही मोठी असो. गणितात अशा जाळ्याला झाडच म्हणतात, कारण त्यात एकही फेरा नसतो. गेलात त्याच वाटेने परत यावे लागते.

याच हिशेबात एक फार उपयोगाची गोष्ट दडलेली आहे. जाळ्यातले फेरे मोजायचे तर रेषांतून बिंदू वजा करून त्यात 1 मिळवायचा. झाडाच्या बाबतीत उत्तर शून्य येते. पण दोन बंद टोके एका छोट्या तुकड्याने जोडली की त्याच क्षणी एक फेरा तयार होतो. म्हणजे एक भिंत उघडली, एक फेरा वाढला. मोठा उड्डाणपूल बांधून जे साधत नाही ते कधी कधी 20 मीटर मोकळ्या जागेने साधते, याचा यापेक्षा सोपा पुरावा मला माहीत नाही.

दुसरे माप वळशाचे. दोन ठिकाणांमधले रस्त्याने होणारे अंतर भागिले सरळ रेषेतले अंतर. चौकटीच्या आखणीतही कोपरे वळावे लागतात, म्हणून सर्व दिशांची सरासरी घेतली तर हा आकडा 1.27 च्या आसपास राहतो. आता समजा, दोन घरांची मागची अंगणे एकमेकांना लागून आहेत, मध्ये एक कुंपणभिंत आहे, आणि सरळ अंतर 60 मीटर आहे. पण एका घराचा रस्ता पेठ रोडला निघतो आणि दुसऱ्याचा दिंडोरी रोडला. रस्त्याने 1,200 मीटर जावे लागत असेल तर वळशाचा आकडा 20 झाला. त्या घरातली शाळकरी पोर चालत मैत्रिणीकडे जाणार नाही, तिला कोणीतरी दुचाकीवरून सोडायला जाईल. शहरातल्या रहदारीचा जन्म अशा ठिकाणी होतो. द्वारका चौकात ती फक्त दिसते.

या मापांना जागतिक पातळीवर नेण्याचे काम प्रामुख्याने क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी केले. 2015 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या शंभर वर्षांच्या रस्त्यांचा अभ्यास मांडला. तिथल्या नव्या वसाहतींतले रस्ते दशकानुदशके एकमेकांपासून तुटत गेले आणि 1994 च्या सुमारास ही घसरण तळाला पोहोचून पुन्हा सुधारणेकडे वळली, असे त्यात दिसले. 2020 च्या अभ्यासात त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या नकाशावरचा जगातला प्रत्येक चौक आणि प्रत्येक रस्ता हिशेबात घेतला आणि वस्ती कधी वाढली हे उपग्रहांच्या चित्रांवरून ताडले. सर्वाधिक लोकसंख्येच्या 134 देशांपैकी 90 टक्के देशांत 1975 नंतरच्या नव्या वसाहतींचे रस्ते आधीपेक्षा कमी जोडलेले निघाले. बंदिस्त, फाटक लावलेल्या वसाहतींत आढळणारी वळशांची रचना त्याच काळात जवळजवळ दुप्पट प्रमाणात दिसू लागली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या शहरांचे रस्ते आधी तुटक होते त्यांचे पुढचे रस्तेही तुटकच पडत गेले. सवय शहरालाही लागते.

भारतीय शहरांपर्यंत हाच प्रश्न घेऊन आलेले आणखी एक मोठे काम म्हणजे श्लोमो एंजल यांच्या पुढाकाराने झालेला शहरविस्ताराचा अ‍ॅटलस. जगातल्या 200 शहरांच्या त्याच्या नमुन्यात आपल्याकडची मालेगाव, जालना आणि परभणी ही शहरेही आहेत. चार रस्त्यांच्या चौकांचे प्रमाण किती, दोन रस्त्यांमधल्या भूखंडसमूहाचा सरासरी आकार किती, असे साधे प्रश्न तिथे विचारले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने याला नियोजनाच्या भाषेत आणले: वसाहतीची किमान 30 टक्के जमीन रस्त्यांना, चौरस किलोमीटरमागे किमान 18 किलोमीटर रस्ते आणि शंभरेक चौक. हे आकडे आदर्श म्हणून ठीक आहेत. पण नाशिकसाठी त्यांच्यापेक्षा जास्त उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: शहराच्या कोणत्या थरात रस्ते जुळले आणि कोणत्या थरात तुटले, आणि का?

थर स्पष्ट दिसतात. पहिला गावठाणाचा. पंचवटी आणि गोदावरीच्या उजव्या तीरावरचे जुने नाशिक. टेकाडांवर वसलेले, चढ-उताराचे, वाकडेतिकडे. बाहेरच्याला हा भाग गोंधळाचा वाटतो, पण मोजपट्टी लावा. रविवार कारंजा, मेनरोड, दहीपूल, भद्रकाली यांच्यामधले बोळ एकमेकांना पुनःपुन्हा मिळतात. एक अडला तर दुसरा आहे, आणि बहुतेक वाटा शेवटी नदीकडे किंवा बाजाराकडे नेतात. सरळ रेघ आणि जुळलेली वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजायला जुन्या नाशिकइतके चांगले उदाहरण सापडणार नाही.

दुसरा थर टी.पी. स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनांचा. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने या इलाख्यात एक शहाणी पद्धत आणली. एका पट्ट्यातल्या सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे फायनल प्लॉट करून ज्याचे त्याला परत द्यायचे. नाशिकमध्ये जुन्या शहराच्या पश्चिमेला अशा योजना झाल्या, खरेदीखतांत टी.पी. स्कीम आणि फायनल प्लॉटचे नंबर आजही वाचायला मिळतात. रस्ता आधी आणि प्लॉट नंतर, असा क्रम असल्याने रस्ते मालकीच्या सीमेपाशी अडत नाहीत. गुजरातने ही पद्धत चालू ठेवली आणि अहमदाबाद तिच्यावरच वाढत गेले. महाराष्ट्रात 1966 चा प्रादेशिक व नगररचना कायदा आल्यानंतर ती कायद्यात राहिली, वापरातून मात्र जवळजवळ गेली. आपल्या शहरनियोजनातली ही मोठी हानी आहे.

तिसरा थर सिडकोचा. मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे, अंबड यांच्या जमिनी घेऊन सातपूर आणि अंबडच्या कामगारांसाठी सहा योजनांत नवीन नाशिक बसवले गेले. घरे लहान, रस्ते अरुंद, पुढे वाढीव बांधकामांनी आणखी आखडलेले. तक्रारी खऱ्या आहेत. तरी पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक या भागांत पायी फिरणाऱ्याला वाटांची निवड असते, कारण आखणी एका हाताची होती. किराणा, शाळा, दवाखाना चालत गाठता येतात. याच दाट जाळ्यामुळे सिडकोच्या गल्ल्यांत दुकाने रुजली.

चौथा थर सर्वांत मोठा आणि सर्वांत तुटलेला: गटागटाने पडलेल्या लेआउटचा. इंदिरानगरच्या पुढे, गंगापूर रोडच्या दोन्ही अंगांना, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, जेलरोडच्या मागे. इथे काय घडते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण सारा प्रश्न इथेच आहे. विकास आराखडा 18, 24, 30 मीटरचे मोठे डीपी रोड दाखवतो. त्यांच्यामधल्या जमिनीत आतले रस्ते कसे असतील, ते आराखडा सांगत नाही. ते ठरते एकेका गटाचा मालक किंवा विकासक जमीन एनए करून लेआउट मंजुरीला देतो तेव्हा. दोन-तीन एकरांचा गट, त्याला एका बाजूने वाट. आत एक कॉलनी रोड, त्याला दोन-चार फाटे, आणि फाटे गटाच्या बांधापाशी संपतात. शेजारचा गट पाच-सात वर्षांनी विकायला निघतो. त्याची वाट दुसऱ्या बाजूने, त्याचा रस्ताही त्याच बांधापाशी संपतो, कदाचित वीस फूट बाजूला सरकून. दोन्ही लेआउट नियमात असतात. दोन्हींना मंजुरी मिळते. मध्ये भिंत चढते. पूर्वी ज्या बांधावरून दोन्हीकडचे शेतकरी ये-जा करत, तिथून आता कोणीच जाऊ शकत नाही.

म्हणजे शहराच्या या चौथ्या थराचा नकाशा नगररचनाकाराने आखला त्यापेक्षा जास्त सातबाराने आखला आहे. गट लांबट असेल तर वसाहत लांबट, ओढ्याकाठचा तिरपा असेल तर रस्ता तिरपा. वाटण्यांमध्ये जमिनीचे जितके तुकडे झाले तितकी रस्त्यांची तोंडे वेगळी झाली. ज्या थोड्या जागी जुळणी दिसते तिथे बहुधा एखादी जुनी सार्वजनिक वाट कारणीभूत असते: शिवाररस्ता, गाडीवाट किंवा बंद पडलेल्या उजव्या कालव्याची पट्टी. त्या पट्टीवर झालेला कॅनॉल रोड कुणा एका मालकाचा नव्हता, म्हणूनच तो अनेक वसाहती ओलांडत पुढे जाऊ शकला. मखमलाबाद आणि आडगाव बाजूच्या जुन्या पाणंद रस्त्यांची नोंद आज नीट जपली तर उद्या ते रस्तेही तितकेच मोलाचे ठरतील.

या थराने रुंदीचाही प्रश्न उभा केला. दशकभरापूर्वी नाशिकमध्ये गाजलेले 'कपाट' प्रकरण अनेकांना आठवत असेल. कपाटांच्या जागेमुळे जादा भरलेल्या बांधकामाला पूर्णत्वाचा दाखला मिळेना, आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन ते नियमित करावे तर पुढचा रस्ता 6 किंवा 7.5 मीटरचा, त्यावर टीडीआर चालेना. शेवटी महापालिका अधिनियमाच्या कलम 210 चा आधार घेऊन असे रस्ते दोन्ही बाजूंनी थोडी जागा सोडून 9 मीटर करण्याचा मार्ग पुढे आला. हजारो कुटुंबांची घरे त्यात अडकलेली असल्याने चर्चा साहजिकच दाखल्यांची झाली. पण त्या निमित्ताने शहराने आतल्या रस्त्यांकडे पहिल्यांदाच एकत्रित पाहिले, आणि पाहिली ती फक्त रुंदी. हा 9 मीटर झालेला रस्ता पुढे कुठे मिळतो, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला नाही.

परिणाम रोज सोसावा लागतो. आतून आत जाता येत नाही, म्हणून दूध आणायला निघालेला माणूसही गंगापूर रोड, पेठ रोड, दिंडोरी रोड, पुणे रोड, त्र्यंबक रोड किंवा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर येतो. हे सगळे रस्ते मध्याकडून बाहेर जाणारे. लांबच्या आणि जवळच्या प्रवासाचा भार तेच वाहतात. घंटागाडीला प्रत्येक बंद गल्लीतून उलटे यावे लागते. 2021 च्या जुलैत सुरू झालेली सिटीलिंकची बस मुख्य रस्त्यानेच जाणार. थांबा नकाशावर तीनशे मीटरवर असला तरी चालणाऱ्याला तो किलोमीटरभर पडतो आणि तो दुचाकी काढतो. अग्निशामक बंबाला आत शिरायला एकच तोंड असते, आणि तिथे लग्नाचा मांडव पडला की तेही बंद.

यात नदीची भर पडते. गोदावरी, नासर्डी, वाघाडी आणि वालदेवी शहराला कापत जातात. देवळालीची लष्करी जमीन, नाशिकरोडचे छापखाने आणि कारागृह, लोहमार्ग हे मोठे बंद तुकडे वेगळेच. अशा अडथळ्यांवर पूल किती आणि कुठे आहेत यावर सगळे जाळे टांगलेले असते. 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांत काठालगतचे सखल पूल आणि रस्ते पाण्याखाली गेले तेव्हा दोन तीरांमधली सारी ये-जा उंच पुलांवर लोटली. जुळणीचे माप घेताना एकेक पूल काढून बघायचे असते: हा नसला तर किती घरांचा वळसा किती वाढतो? महापालिकेच्या आपत्ती आराखड्यात हे गणित असायलाच हवे.

पण या मापाच्या मर्यादाही नाशिकनेच फार मोठी किंमत मोजून दाखवल्या आहेत. 27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थात रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. रेषा आणि बिंदूंच्या हिशेबात पंचवटीचा हा भाग उत्तम गुण मिळवतो. उतार, रुंदी, गर्दीची दिशा, बॅरिकेड यांतले काहीही त्या हिशेबाला दिसत नाही. म्हणून जुळणीचा आकडा चांगला आला म्हणजे वाट सुरक्षित आहे, असे कोणी म्हणू नये. आणखीही उणिवा आहेत. नकाशावर रस्ता पुढे जातो, प्रत्यक्षात तिथे सोसायटीचे फाटक रात्री दहाला बंद होते. उलटही होते: नकाशावर बंद दिसणाऱ्या टोकाला भिंतीत फट असते आणि सगळी गल्ली तिथूनच जाते. ओपनस्ट्रीटमॅप स्वयंसेवक भरतात, त्यामुळे कॉलेज रोड बारकाईने भरलेला आणि नवी कडेची वस्ती अर्धीच, असे होऊ शकते. उपग्रहाला झाडाखालची पायवाट दिसत नाही. हे दोष चालत जाऊन, प्रभागाप्रभागात, हाताने दुरुस्त करावे लागतात. वास्तुशास्त्र आणि स्थापत्य शिकवणारी महाविद्यालये शहरात आहेत; संगणकावर जाळे मोजण्याची साधने फुकट मिळतात. एका सत्राचा हा अभ्यास आहे.

बंद गल्लीच्या बाजूनेही बोलले जाते, आणि ते ऐकून घ्यायला हवे. मुले निर्धास्त खेळतात, चोऱ्या कमी होतात, परक्या गाड्या येत नाहीत. वसाहतीत राहणाऱ्यांची ही भावना खरी आहे. मात्र तिच्यासाठी माणसांची वाट तोडण्याची गरज नाही. भिंतीत तीन मीटरची पायवाट ठेवली, सायकल आणि पादचारी जातील पण चारचाकी अडेल असे खांब लावले, तर शांतता टिकते आणि वळसाही संपतो. मोटारींसाठी बंद आणि पायांसाठी खुली ही रचना जगात अनेक ठिकाणी चालते. आपल्याकडे दोन्ही एकदमच बंद होतात.

मोठ्या योजनांकडे पाहिले तर चित्र संमिश्र आहे. स्मार्ट सिटीच्या काळात मखमलाबाद-हनुमानवाडी पट्ट्यात सुमारे 300 हेक्टरवर नगररचना परियोजना, म्हणजे टी.पी. स्कीमच, आणण्याचा प्रयत्न झाला. रस्त्यांच्या दृष्टीने ती योग्य दिशा होती. पण अनेक शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि त्यांचे प्रश्न साधे, रास्त होते: किती जमीन जाणार, उरलेली कुठे मिळणार, चटईक्षेत्राचे आश्वासन कागदावर कधी येणार आणि तोवर बागेचे काय? ज्याची बाग चालू आहे त्याला चौकांची घनता सांगून उपयोग नसतो. गटागटाच्या लेआउटमध्येही त्याची जमीन रस्त्याला आणि मोकळ्या जागेला जातेच, आणि बदल्यात त्याच्या प्लॉटला एकाच बाजूची वाट मिळते. दोन्ही पर्यायांत त्याच्या पदरात काय पडते, हा तुलनेचा तक्ता प्रत्येकाच्या गट नंबरसह आधीच समोर ठेवला असता, तर चर्चा वेगळ्या पायावर झाली असती असे मला वाटते.

आता 2027 च्या सिंहस्थासाठी शहराभोवतीच्या परिक्रमा मार्गाची, रुंदीकरणाची आणि पुलांची कामे मांडली आहेत. लांबची वाहने शहराबाहेरून काढायला वळणरस्ता हवाच. पण त्याच्या दोन्ही अंगांना लगेच एनए प्लॉटचे फलक लागतील, आणि प्रत्येक लेआउटने त्या मार्गावर एकच तोंड उघडून बाकी तीन बाजू बंद केल्या, तर परिक्रमा मार्ग थोड्याच वर्षांत पुणे रोडसारखा भरेल. महापालिका हद्दीबाहेरच्या गावांत महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे काम आहे, आणि तिथे अजून तारेची कुंपणे आहेत, भिंती नाहीत. लेआउट मंजुरीच्या अर्जात तीन गोष्टी मागता येतील: शेजारच्या प्रत्येक गटाच्या बांधापर्यंत नेलेला एक तरी रस्ता, त्याचे टोक शासनाच्या नावे मोकळे ठेवल्याची नोंद, आणि आधी मंजूर झालेल्या शेजारच्या लेआउटच्या रस्त्याशी त्याची रेघ जुळवलेला नकाशा. जुन्या वसाहतींसाठी प्रभागवार यादी करावी: कुठली भिंत उघडली तर किती घरांचा वळसा किती मीटरने कमी होतो. यादीतल्या वरच्या नावांपासून, तिथल्या रहिवाशांशी बोलून, ज्यांची जागा जाईल त्यांना मोबदला देऊन, पायवाटांचे काम सुरू करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नगररचना विभाग आणि प्रभाग समिती यांच्या आजच्या अधिकारांत बसणारे हे काम आहे, आणि आडगाव-म्हसरूळच्या कडेला पुढची भिंत चढण्याआधी ते हाती घेतले तर खर्च सर्वांत कमी येईल.